एक मॉल भरलेला, पलीकडचा ओस: मुंबईच्या उपनगरांत नक्की काय झालं

प्रश्न थोडक्यात असा आहे की मुंबईच्या उपनगरांत 2003-04 पासून एकामागून एक मॉल उभे राहिले, त्यातल्या काहींत आजही रविवारी पार्किंग मिळत नाही आणि काहींत दुसऱ्या मजल्यावर भरदुपारी जायला नको वाटतं, तर हे सगळं ऑनलाइन शॉपिंगमुळे झालं का. शिवाय विचारणाऱ्याच्या काकांनी 2006 साली एलबीएस (लाल बहादुर शास्त्री) मार्गावरच्या, म्हणजे पूर्व उपनगरांतून ठाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका मॉलमधे गाळा विकत घेतलाय, भाडेकरू जाऊन बरीच वर्षं झाली, मेंटेनन्सचं बिल मात्र न चुकता येतं, त्याचं काय करायचं. मी आधी एका रिटेल कंपनीसाठी दुकानांच्या जागा शोधायचो, नंतर टेबलाच्या पलीकडे जाऊन मॉलचं लीजिंग (दुकानं भाड्याने द्यायचं काम) आणि मग ऑपरेशन्स बघितलं, त्यामुळे दोन्हीकडची रडगाणी ऐकलेली आहेत. उत्तर लांबणार आहे, कारण थोडं मागे गेल्याशिवाय यातलं काही कळत नाही.

ऑनलाइनचा मुद्दा आधी बाजूला करतो. फ्लिपकार्ट सुरू झालं 2007 मधे, तेही पुस्तकं विकायला. ॲमेझॉन इथे आलं 2013 ला. आणि उपनगरातले जे मॉल मेले त्यातले बरेचसे 2009-10 लाच अर्धमेले होते, शटर अर्धी खाली, एस्कलेटर बंद, एसी फक्त शनिवार-रविवार. तेव्हा कोणी मोबाइलवर चपला मागवत नव्हतं. ऑनलाइनने नंतर मार दिला हे खरं, विशेषतः इलेक्ट्रॉनिक्स आणि पुस्तकांना, पण तोच मार भरलेल्या मॉललाही बसला आणि तो उभा राहिला.

माझ्या मते खरा फरक एकच. ज्या बिल्डरने मॉलची मालकी स्वतःकडे ठेवून दुकानं भाड्याने दिली त्याचा मॉल बहुतेक जगला, आणि ज्याने गाळे सुटे सुटे विकून पैसे काढून घेतले त्याचा मेला. लोकेशन, मोठेपणा, मेट्रो, ब्रँड या सगळ्या गोष्टी आहेतच पण त्या नंतर.

आता हे गाळे विकायचं खूळ आलं कुठून? उपनगरात मॉलच्या आधी खरेदी म्हणजे स्टेशनबाहेरचा रस्ता. मुलुंडचा पाच रस्ता, ठाण्याचा राम मारुती रोड, डोंबिवलीचा फडके रोड, बांद्र्याचा लिंकिंग रोड, पार्ल्याला इर्ल्याचं आल्फा. एका छताखाली सगळं मिळणं म्हणजे अपना बाजार किंवा सहकारी भांडार. आणि सत्तर-ऐंशीच्या दशकात जागोजागी झालेली ती ‘शॉपिंग सेंटरं’ आठवा, तळमजला अधिक एक किंवा दोन मजले, मधे काळोखा जिना, खाली मेडिकल आणि साड्या, वर टेलर, टायपिंग क्लास, एलआयसी एजंट आणि कायम बंद असलेले चार गाळे. यातलं प्रत्येक दुकान विकलेलं असायचं. बिल्डर विकून मोकळा, पुढच्या प्लॉटवर.

भाड्याने का नाही द्यायचा, तर 1947 चा मुंबईचा भाडे कायदा. एकदा भाडेकरू बसला की भाडं तिथेच गोठलं आणि माणूस उठत नाही, म्हणून तर पागडी आली, म्हणजे जागा देतानाच मोठी रक्कम घ्यायची आणि पुढे नाममात्र भाडं. त्यामुळे मुंबईतल्या बिल्डरांच्या दोन पिढ्या एकच धंदा शिकल्या, बांधा, विका, निघा. दुकान भाड्याने देऊन वीस वर्षं त्यातून कमवायचं हा विचारच इथे कोणाच्या रक्तात नव्हता.

हे बदललं ते महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यामुळे, कायदा 1999 चा, लागू झाला 31 मार्च 2000 पासून. त्यातल्या कलम 3 मधे अशी तरतूद आहे की भाडेकरू जर बँक असेल, सरकारी उपक्रम असेल किंवा एक कोटी किंवा जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेली कंपनी असेल तर तिला या कायद्याचं संरक्षणच नाही. म्हणजे मोठ्या कंपनीला बाजारभावाने जागा द्या, करार संपला की परत घ्या, आयुष्यभर कोर्टात फिरायची भीती गेली. मॉलचा इतिहास सांगताना लोक मल्टिप्लेक्सबद्दल बोलतात, नव्या मध्यमवर्गाबद्दल बोलतात, आयटीच्या पगारांबद्दल बोलतात, या कलमाबद्दल कोणी बोलत नाही. पण लीजिंगच्या माणसाला विचाराल तर या कलमाशिवाय उपनगरात भाड्यावर चालणारा मॉल उभाच राहिला नसता. ज्यांना हे उमगलं त्यांनी मालकी ठेवली, बाकीचे बापजाद्यांच्या पद्धतीने गाळे विकत राहिले.

पहिला मॉल म्हणून सगळे ताडदेव-हाजीअलीच्या क्रॉसरोड्सचं नाव घेतात, पिरामल ग्रुपचा, 1999. तो उपनगरात नाही, पण त्याचा किस्सा उपनगराला लागू आहे. उघडल्यावर इतकी गर्दी झाली, आणि त्यातली बहुतेक नुसती एस्कलेटर बघायला आलेली, की त्यांनी नियम काढला: मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा नाहीतर 60 रुपये भरून आत या. तेव्हा मोबाइलवर आलेल्या कॉलचेही पैसे पडायचे, म्हणजे मोबाइलवाला माणूस कोण ते समजून घ्या. खूप टीका झाली. धंद्याच्या दृष्टीने बघितलं तर त्यांनी गर्दी आणि गिऱ्हाईक यातला फरक दारावरच करायचा प्रयत्न केला, आणि नंतरच्या प्रत्येक मॉलने नेमकं उलटं केलं, सगळ्यांना आत घ्या, फिरू द्या, आज नाही घेणार तर दोन वर्षांनी पगार वाढल्यावर घेतील. उपनगरातले चांगले मॉल या उलट्या विचारावर वाढले. (क्रॉसरोड्स पुढे ढेपाळला, फ्यूचर ग्रुपकडे जाऊन सोबो सेंट्रल झाला, तरी सावरला नाही. म्हणजे मालकी एकहाती असली की झालं असं नाही, जागाही पुरेशी लागते, आजच्या मानाने तो अगदीच छोटा होता.)

दुसरी गोष्ट 2001 ची, राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना सुरुवातीची काही वर्षं करमणूक कर माफ केला. तिकिटावरचा हा कर महाराष्ट्रात चांगलाच जड होता, तो माफ झाल्यावर थिएटरवाल्याला भाडं परवडायला लागलं आणि मॉलवाल्याला वरच्या मजल्यावर माणसं चढवायचं साधन मिळालं. आणि तिसरी गोष्ट जमीन. एलबीएसवर कुर्ल्यापासून मुलुंड-ठाण्यापर्यंत इंजिनीअरिंगचे, औषधांचे कारखाने रांगेने होते, जकात, जमिनीचे भाव, बाहेरच्या राज्यांतल्या करसवलती अशा कारणांनी ते एकेक करून बंद पडत किंवा हलत गेले. इंडस्ट्रियल झोनची जमीन परवानगी घेऊन कमर्शियल करता येत होती. मोठा चौकोनी प्लॉट, समोर रुंद रस्ता, मागे नव्या टॉवरांमधे राहायला आलेली माणसं. पश्चिमेला लिंक रोडवर कारखाने कमी पण मोकळी जमीन भरपूर.

तर 2003-04 च्या सुमारास एकदम धडाका लागला. मुलुंडला एलबीएसवर आर मॉल आणि निर्मल लाइफस्टाइल, अंधेरी-वर्सोव्याला इन्फिनिटी, मालाडला इनऑर्बिट, वाशीला सेंटर वन. मालाडचं उदाहरण मला फार आवडतं. जिथे इनऑर्बिट आणि माइंडस्पेस हे ऑफिस संकुल आहे तो भाग म्हणजे चिंचोली बंदरच्या डम्पिंग ग्राउंडचा परिसर. माइंडस्पेसच्या ऑफिसांमधे सुरुवातीला काँप्युटरचे आणि एसीचे भाग गंजून लवकर खराब व्हायचे, जमिनीखालच्या कचऱ्यातून येणाऱ्या वायूंमुळे, याच्या बातम्याही आल्या होत्या. मालाड स्टेशनवरून रिक्षा करून तिथे कोण जाणार असं अनेक ब्रँडवाल्यांनी तोंडावर सांगितलेलं. पण बाजूला बीपीओमधे काम करणारी हजारो तरुण पोरं, मागे लोखंडवालापासून चारकोपपर्यंतची वस्ती, आणि मुख्य म्हणजे बिल्डर के. रहेजांनी दुकानं विकली नाहीत. त्यांचंच शॉपर्स स्टॉप, अंधेरीला 1991 पासून चालवत होते, त्यामुळे दुकानदाराच्या बाजूने मॉल कसा दिसतो हे त्यांना ठाऊक होतं. पुढे 2006 ला शेजारीच हायपरसिटी काढलं. कचऱ्याच्या डोंगराशेजारी चाललेला मॉल आणि भरवस्तीत स्टेशनजवळ बंद पडलेला मॉल, दोन्ही याच शहरात आहेत, लोकेशन लोकेशन म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो.

आता मालकीने एवढा काय फरक पडतो ते सांगतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला मॉल म्हणजे खूप दुकानं असलेली इमारत एवढंच वाटतं.

मॉलमधे सगळ्यात मोठी जागा घेणारा असतो अँकर, म्हणजे डिपार्टमेंट स्टोअर, हायपरमार्केट, मल्टिप्लेक्स. तो सगळ्यात कमी भाडं देतो, स्क्वेअर फुटाला बघाल तर छोट्या दुकानाच्या चौथा-पाचवा हिस्सा, कधी त्याहून कमी. जत्रेत देवळाकडून कोणी जागेचं भाडं मागत नाही, पण देऊळ आहे म्हणून खेळण्यांची आणि बत्ताशांची पालं लागतात, तसं आहे हे. अँकर माणसं आणतो आणि त्याच्या वाटेवर असलेली छोटी दुकानं, ज्यांना आम्ही व्हॅनिला म्हणतो, ती भाडं भरतात. म्हणून हायपरमार्केट बेसमेंटला किंवा एका टोकाला, थिएटर आणि फूड कोर्ट सगळ्यात वर, म्हणजे माणसाने खालून वर आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळा मॉल चालला पाहिजे. वर जाणारा एस्कलेटर संपतो तिथेच पुढचा सुरू होत नाही, अर्धा मजला वळसा घालायला लावतात, ते मुद्दाम. टॉयलेट लांब बोळात आत, कारण तिथल्या भिंतीला भाडं येत नाही. तळमजल्यावर दारातून आत गेल्यावर पहिली दोन-तीन दुकानं बघा, घड्याळं, परफ्यूम, कॉस्मेटिक्स, एखादा बाहेरचा ब्रँड, जागा कमी आणि मार्जिन जास्त, तिथलं भाडं परवडतं ते यांनाच. लहान मुलांचे कपडे आणि खेळणी वरच्या मजल्यावर, कारण आईबाप तिथे जाणारच, त्यांना खेचायची गरज नाही.

हे सगळं एका कागदावर ठरतं, झोनिंग प्लॅन. लीजिंगची मीटिंग म्हणजे भिंतीवर तो प्लॅन आणि चार माणसांची भांडणं. एकदा एका मॉलमधे एस्कलेटरच्या तोंडाशी असलेला छान गाळा आम्ही पाच महिने रिकामा ठेवला होता, दारात मोबाइल ॲक्सेसरीवाला जास्त भाडं घेऊन उभा होता तरी, कारण त्या जागी चांगला फुटवेअर ब्रँड आला तर त्या अख्ख्या मजल्याची दुकानं भरतील असं वाटत होतं, आणि तो आला. पाच महिन्यांचं भाडं आम्ही सोडू शकलो कारण बाकीच्या दीडशे दुकानांचं भाडं आमच्याच खिशात येत होतं. ज्याच्याकडे एकच गाळा आहे तो पाच महिने थांबेल? त्याचा बँकेचा हप्ता चालू आहे. तो मोबाइल कव्हरवाल्यालाच देणार आणि त्याची काही चूक नाही.

इथेच विकलेल्या मॉलची गाडी रुळावरून उतरते. तीनशे गाळे, अडीचशे मालक. त्यातले निम्मे गुंतवणूकदार, बुकिंगच्या वेळी ब्रोशरमधे ‘ॲश्युअर्ड रिटर्न’ वाचून घेतलेले, कोणी नाशिकला, कोणी दुबईला. जागा तरी केवढी, तर करारात लिहिलेले 200 फूट सुपर बिल्ट-अप, म्हणजे जिने, पॅसेज यांचा वाटा धरून, मॉलमधे हा वरचा वाटा, ज्याला लोडिंग म्हणतात, पन्नास-साठ टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे प्रत्यक्षात हातात येतात सव्वाशे-एकशेतीस फूट. कुठल्याही बऱ्या ब्रँडला निदान सहा-सातशे फूट कार्पेट, म्हणजे प्रत्यक्ष वापरायची जागा लागते. म्हणजे त्याला चार-पाच गाळे जोडून पाहिजेत, मालक चार-पाच वेगळे, त्यातला एक फोन उचलत नाही आणि एक दुप्पट भाडं मागतो. मी रिटेलच्या बाजूला असताना अशा एका मॉलमधे सहा गाळे जोडायचा प्रयत्न केलेला, पाच जणांनी सह्या केल्या आणि मधल्या गाळ्याच्या मालकाला वाटलं आता आपल्याशिवाय यांचं अडलंय, त्याने भाव वाढवला, आमच्या डायरेक्टरने फाइल बंद केली. तो मधला गाळा पुढे कित्येक वर्षं कुलूपबंद होता, बाकीचे पाचही.

मग ब्रँड येत नाहीत, येतात ते झेरॉक्स, मेहंदी, मोबाइल रिपेअर, पासपोर्ट एजंट, ब्युटी पार्लर, क्लासेस. यांच्यावर माझा राग नाही, पण यांच्याकडे येणारा माणूस काम झालं की जातो, शेजारच्या दुकानात डोकावत नाही. भाडी उतरतात. भाडं उतरलं की मालक कॅम भरत नाही, कॅम म्हणजे कॉमन एरिया मेंटेनन्स, ज्यातून एसी, लाइट, लिफ्ट, सफाई, सिक्युरिटी चालते. मॉलचा सगळ्यात मोठा खर्च चिलरच्या, म्हणजे एसीच्या मुख्य यंत्राच्या विजेचा. चाळीस टक्के लोकांनी कॅम थकवला की मॅनेजमेंट आधी चिलर दुपारचे बंद ठेवते, मग एक एस्कलेटर, मग वरच्या मजल्याचे अर्धे दिवे. उन्हाळ्यात एसी नसलेल्या काचेच्या डब्यात कोण येणार? उरलेले दुकानदार म्हणतात सर्व्हिसच नाही तर आम्ही तरी का भरू. इथून पुढे दोन-तीन वर्षांत खेळ खलास होतो. शटरला चिकटवलेली वीज कंपनीची नोटीस, फरशीवर पावसाळी गळतीखाली ठेवलेली बादली, बंद पडलेल्या फूड कोर्टच्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक रचलेल्या, हे चित्र ज्याने बघितलंय त्याला कुठला मॉल ते विचारावं लागत नाही, सगळीकडे सारखंच आहे. कांजूर-भांडुपपासून कांदिवली-वाशीपर्यंत यादी करता येईल.

2007-08 ने यात भर घातली. जून 2007 पासून कमर्शियल भाड्यावर सर्व्हिस टॅक्स लागला, भरायचा कोणी यावरून दुकानदार आणि मालक कोर्टात गेले. मग 2008 ची मंदी आली. त्याआधी ब्रँडवाले वेड्यासारखी दुकानं घेत सुटले होते, वाट्टेल त्या भाड्याने, आणि वर्षभरात त्यातली निम्मी परत करायला लागले. सुभिक्षासारखी देशभर पसरलेली किराणा दुकानांची चेन 2009 च्या सुरुवातीला बसली. तेव्हापासून रेव्हेन्यू शेअर रुळला: ठरावीक किमान भाडं, ज्याला एमजी म्हणतात, किंवा विक्रीच्या अमुक टक्के, दोन्हीत जे जास्त असेल ते. दिसायला साधं आहे पण यामुळे मॉलवाल्याचं पोट दुकानाच्या विक्रीशी बांधलं गेलं. आता त्याला रोज रात्री प्रत्येक दुकानाची विक्री कळते, कोणाची पडतेय ते दिसतं, तो इव्हेंट करतो, जागा बदलून देतो, नाहीच जमलं तर लॉक-इन (करार मोडता येत नाही तो काळ) संपताना हात जोडून निरोप देतो. सुट्या मालकाला यातलं काहीच शक्य नाही, त्याला विक्रीचा आकडा देतो कोण?

म्हणूनच मंदीनंतर जे मॉल आले ते वेगळ्या जातीचे. गोरेगावचा ओबेरॉय 2008, घाटकोपरची आर सिटी 2009, कुर्ल्याची फिनिक्स मार्केटसिटी आणि मालाडचा दुसरा इन्फिनिटी 2011, ठाण्याची व्हिव्हियाना 2013. आधीच्यांपेक्षा मोठे आणि भाड्यावर चालणारे. मालाडचा इन्फिनिटी तर इनऑर्बिटपासून चालत जाण्याच्या अंतरावर, सगळे म्हणाले एक तरी मरणार, दोन्ही राहिले, उलट तो पट्टाच खरेदीचा झाला. आणि मुलुंडला निर्मल लाइफस्टाइल, एकेकाळी शनिवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसायची, उघड्या प्लाझात कार्यक्रम, ठाण्या-डोंबिवलीहून लोक यायचे, तो रिकामा होत गेला. घाटकोपर आणि ठाण्याला मोठे मॉल झाल्यावर मुलुंडकराला दोन्हीकडे जायला अर्धा तास. मोठ्या मॉलने लहान मॉल खाल्ला हेही या इतिहासात आहे, ते नाकारत नाही, पण आधीच ताप असलेला माणूस लवकर गेला इतकंच.

भाड्यावरच्या मॉललाही धक्के बसलेच. या शहराला अँकर म्हणजे काय हे बिग बझारने शिकवलं, 26 जानेवारी 2006 ला त्यांनी ‘सबसे सस्ता दिन’ केला तेव्हा गर्दी आवरेना म्हणून दुकानांची शटर खाली ओढावी लागली होती. आणि 2022 मधे तेच बिग बझार नाहीसं झालं, फेब्रुवारीत रिलायन्सने अनेक दुकानांच्या जागा ताब्यात घेतल्या. त्याआधी कोविड. मार्च 2020 मधे मॉल बंद, 5 ऑगस्टला उघडले तेही थिएटर आणि बसून खायची सोय सोडून, परत 2021 च्या एप्रिलमधे बंद, मग 15 ऑगस्टपासून लशीचे दोन्ही डोस झालेल्यांनाच प्रवेश. गंमत म्हणजे जानेवारी 2020 मधेच सरकारने मुंबईतले मॉल चोवीस तास उघडे ठेवायला परवानगी दिली होती, दोन महिन्यांत चोवीस तास कुलूप लागलं. त्या काळात एकहाती मॉलवाल्याने सगळ्या दुकानदारांना एकदम भाड्यात सूट दिली, काही महिने नुसत्या रेव्हेन्यू शेअरवर चालवलं, आणि बहुतेक दुकानं टिकली. एकाच्या सहीने होणारं काम ते. आर सिटीत 2022 मधे आयकियाने आपलं छोटं सिटी स्टोअर उघडलं, अशी अवाढव्य जागा एका झटक्यात एकालाच देता आली कारण समोर बोलायला एकच मालक होता. आणि 2023 च्या मे महिन्यात तर नेक्सस सिलेक्ट ट्रस्ट हा देशातला मॉल्सचा पहिला आरईआयटी, म्हणजे भाड्याच्या मालमत्तांचे हिस्से विकणारा ट्रस्ट, शेअर बाजारात आला, नवी मुंबईतला सीवूड्स स्टेशनवरचा मॉल त्यातलाच. म्हणजे आज तुम्हाला मॉलमधे पैसे घालायचेच असतील तर सव्वाशे फुटांचा गाळा घ्यायची गरज उरलेली नाही, अख्ख्या मॉलच्या भाड्यातला बारीकसा हिस्सा डीमॅटमधे घेता येतो.

विकलेल्या मॉलचं टोक बघायचं तर भांडुपचा ड्रीम्स मॉल. शेकड्यांनी छोटे गाळे, कारभार एनसीएलटीने (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने) नेमलेल्या प्रशासकाकडे, आणि वरच्या मजल्यावर कोविडमधे सुरू झालेलं हॉस्पिटल. 25 मार्च 2021 च्या रात्री आग लागली आणि तिथले पेशंट दगावले. त्याच्या काही महिने आधी, ऑक्टोबर 2020 मधे, मुंबई सेंट्रलचा सिटी सेंटर दोन दिवसांहून जास्त जळत होता. स्प्रिंकलर, फायर पंप, स्मोक एक्झॉस्ट हे सगळं कॅममधूनच चालतं, आणि कॅम थकला की हेही गुपचूप बंद पडतं कारण ते बंद असल्याचं कोणाला दिसत नाही. रिकाम्या मॉलमधे स्वस्तात जागा मिळते म्हणून क्लास किंवा नर्सिंग होम काढणाऱ्यांनी एवढं तरी विचारावं, पंप शेवटचा चालवून कधी बघितला.

आता काकांचा गाळा. बातमी वाईट आहे पण अगदी शून्य नाही. महाराष्ट्रातला 1963 चा मोफा, म्हणजे फ्लॅट घेणाऱ्यांच्या हक्कांचा कायदा, ‘फ्लॅट’मधे दुकान आणि ऑफिसही धरतो, त्यामुळे गाळेधारकांना स्वतःची प्रिमायसेस सोसायटी करता येते, आणि बिल्डर जमीन नावावर करून देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर करायचा अर्ज करता येतो. माझ्या अनुभवात अशा मॉलमधे पहिली अडचण हीच असते की सोसायटीच नाही, मेंटेनन्स बिल्डरच्याच कुठल्यातरी कंपनीच्या नावाने येतो आणि हिशोब कोणी बघितलेला नाही. तेव्हा आधी दहा-पंधरा गाळेवाले गोळा करा, लेखी पत्र देऊन तीन वर्षांचे ऑडिटेड अकाउंट मागा. बिल भरणं सरळ थांबवू नका, थकबाकीदाराला पुढे सोसायटीत बोलायला तोंड राहत नाही, ‘अंडर प्रोटेस्ट’ असं पत्र जोडून भरा, निदान मुद्दल.

कन्व्हेयन्स झालं तर दोनच मार्ग खरे. एक म्हणजे अख्खा मजला एकत्र करून एकाच मोठ्या भाडेकरूला द्यायचा, जिम, को-वर्किंग, डायग्नोस्टिक सेंटर, सगळ्या मालकांनी एकाच करारावर सह्या करायच्या आणि भाडं स्क्वेअर फुटाप्रमाणे वाटून घ्यायचं. हे जमतं, मी दोन ठिकाणी जमलेलं बघितलंय, पण तळमजल्यावरचा मालक वरच्याइतकंच भाडं घ्यायला तयार होत नाही, भांडण तिथे होतं, म्हणून मजल्यामजल्याने करा, सगळा मॉल एकदम करायला जाऊ नका. दुसरा म्हणजे रिडेव्हलपमेंट. एलबीएसवर जमिनीचा भाव बघता बिल्डर येतात, पण ते गाळ्याला नाही, जमिनीला येतात, आणि तुमच्याकडे कन्व्हेयन्स नसेल तर ते तुमच्याशी बोलणार नाहीत, मूळ बिल्डरशी बोलतील. या काळात एजंट फोन करून ‘मेलेला माल आहे, मिळतंय तेवढं घ्या’ म्हणतील, असे फोन वाढले की समजावं कोणीतरी शांतपणे गाळे गोळा करतंय. तेव्हा विकायची घाई नको, आधी कोण घेतंय आणि एकाच नावाने किती गाळे झालेत ते इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या खरेदीचा उतारा) काढून बघा, ऑनलाइन निघतो.

नवा गाळा घ्यायचं मात्र डोक्यातून काढा, चुलतभाऊ म्हणत असेल तरी. आणि काकांना सांगा की 2006 चं ॲग्रीमेंट शोधून काढा, त्यात एट्रियम (मधला मोकळा चौक), गच्ची आणि पार्किंग कोणाच्या मालकीचं ठेवलंय तो क्लॉज आधी वाचा, बहुतेक वेळा बिल्डरने ते स्वतःकडे ठेवलेलं असतं, आणि तसं असेल तर वकिलाकडे जाताना पहिला प्रश्न तोच घेऊन जा.